तिचा कागद तिच्या हाती

घरातला सातबारा कुठे ठेवलाय, हे पुरुषमंडळींना अंधारातही सापडतं. दागिन्यांच्या पावत्या आपण साडीच्या घडीत जपतो. पण बाईची स्वतःची कागदपत्रं? ती कुठल्या तरी पिशवीत, नाहीतर ‘यांच्या’ फायलीत. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’साठी रांगा लागल्या, तेव्हा शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी कितीजणींना माहेर गाठावं लागलं, आठवतंय ना?

मग जिचं माहेरच सरहद्दीपलीकडे आहे, तिनं काय करावं?

आमच्या कॉलनीतल्या सिंधी भाभी लग्न होऊन पाकिस्तानातल्या सक्करहून आल्या. भारतीय माणसाशी लग्न केलं म्हणून परदेशी बाई आपोआप भारतीय होत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे तिला काही वर्षं इथं राहावं लागतं (आता ही अट सात वर्षांची आहे), अर्ज करावा लागतो, निष्ठेची शपथ घ्यावी लागते. मग नोंदणीचं प्रमाणपत्र मिळतं. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही, त्यामुळे जुना पासपोर्ट सोडावा लागतो. म्हणजे हातात उरतो तो एकच कागद!

भाभींचा तो कागद घर बदलताना हरवला. दुबईतल्या लेकीच्या बाळंतपणासाठी पासपोर्ट काढायला निघाल्या, तेव्हा ते ध्यानात आलं. “आधार आहे ना, मतदान करते ना मी!” त्या म्हणत राहिल्या. पण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिलंय. एका कार्यालयातल्या बाबूनं तर सरळ विचारलं, “मग तुम्ही पाकिस्तानीच ना?” तीस वर्षं इथं संसार केलेल्या बाईनं यावर काय बोलावं?

सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे आपल्याला ठाऊकच आहे. मी सोबत गेले. आधी पोलिसांत कागद हरवल्याची नोंद, मग प्रतिज्ञापत्र, मग दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज. पण अर्जात प्रमाणपत्राचा क्रमांक हवा, आणि तो भाभींना कुठला पाठ असणार? तिथं माहितीचा अधिकार कामी आला. २००५ चा हा कायदा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून स्वतःच्याच नोंदीची माहिती मागितली. क्रमांक आणि तारीख मिळाली, तेव्हा कुठे गाडं हललं.

पुढचा अडसर नावाचा. आपल्यासारखंच त्यांच्यातही लग्नात मुलीचं नाव बदलतात. प्रमाणपत्रावर माहेरच्या पासपोर्टातलं नाव, रेशनकार्डावर सासरचं. दोन्ही बाया एकच, हे सिद्ध करता करता भाभी थकल्या. दुसरी प्रत हाती आली तेव्हा नातू रांगायला लागला होता.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या सरकारनं कागद दिला, त्याच्याच नोंदवहीत नाव आहे. मग हरवलेल्या प्रतीसाठी बाईलाच पुन्हा आरोपीसारखं का उभं करता? शोधायचं काम कार्यालयाचं. अर्ज कुठे करायचा, सोबत काय जोडायचं आणि किती दिवसांत प्रत मिळेल, हे तिथल्या फलकावर मराठीत लिहा. हा प्रश्न एकट्या बाईचा नाही. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलाचं नागरिकत्व ठरवताना कायदा आई आणि वडील दोघांकडेही पाहतो. आईचा कागद हरवला तर लेकरालाही प्रश्न विचारले जाऊ शकतात.

आणि मैत्रिणींनो, थोडं आपणही करायचं आहे. सून नेपाळची असो, श्रीलंकेची असो, नाहीतर पलीकडच्या आळीतली. तिचे कागद तिच्याच ताब्यात द्या. क्रमांक आणि तारीख एका वहीत उतरवा. दोन साक्षांकित प्रती वेगवेगळ्या घरी ठेवा, एक मोबाइलमध्ये साठवा. विवाह नोंदणीचा दाखला काढाच, दोन नावांमधला दुवा तोच असतो.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे सरकारी कागदांवर आईचं नाव लागतं. चांगलीच गोष्ट झाली. आता त्या आईचं स्वतःचं नाव ज्या कागदावर आहे, तोही तेवढ्याच मानानं जपूया.