हातांची भाषा आणि पडद्यावरची बाहुली

दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. त्यांच्याविषयी आपण नाशिककर अभिमानाने बोलतो. पण १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा तो कर्णबधिरांना किती जवळचा वाटला असेल, हा विचार सहसा कोणी करीत नाही. मूकपटाच्या अंधारात ऐकणारा आणि न ऐकणारा एकाच पंक्तीला बसत होते. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, पडदा बोलू लागला, आणि पंक्तीतली काही पाने मुकाट्याने उचलली गेली.

याच फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात निर्जीव काड्या हलवून दाखविल्या होत्या. आज शतकानंतर तीच किमया कर्णबधिरांच्या सेवेला येऊ पाहत आहे. लिहिलेले वाक्य घेऊन संगणकाच्या पडद्यावरचे एक हलते चित्र हातवारे करते. त्याला ‘अवतार’ म्हणतात. या अवताराचे स्वागत करावे काय? माझे उत्तर असे : ओसरीवर जरूर करावे; माजघर मात्र त्याच्या ताब्यात देऊ नये.

हे मी ऐकीव माहितीवर बोलत नाही. माझ्या थोरल्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. तो वसतिगृहात राहून खुणांची भाषा शिकला आणि सुटीत घरी आला की मला शिकवू लागला. आमच्या घरी अहिराणी बोलतात. शाळेत तिला ‘अशुद्ध’ म्हणत. दादाच्या भाषेला तर कोणी भाषाच म्हणत नव्हते. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणांना हद्दपार करण्याचा ठराव केला होता. त्याची सावली अजून पुरती सरलेली नाही.

दोन प्रसंग सांगतो. एकदा दादा नोकरीच्या मुलाखतीला निघाला होता. स्थानकावर गाडीचा फलाट बदलल्याची घोषणा झाली. लोक जिन्याकडे धावले. दादाला वाटले, दुसरी कुठली गाडी आली असेल. त्याची गाडी त्याच्या डोळ्यांसमोर पलीकडच्या फलाटावरून निघून गेली. तिथे पडद्यावर एखादा अवतार असता, तर नोकरीचे सांगता येत नाही, पण गाडी नक्की मिळाली असती.

दुसरा प्रसंग दवाखान्यातला. मी तेव्हा चौदा वर्षांचा. दादाच्या पोटात दुखत होते आणि डॉक्टर मला विचारत होते. शस्त्रक्रियेतला धोका त्यांनी समजावून सांगितला. मी दादाला सगळे सांगितले. धोक्याचे वाक्य तेवढे गाळले. माझा हातच उचलला गेला नाही. दादा बरा झाला. पण स्वतःच्या शरीराविषयीचा निर्णय त्याने अर्धवट माहितीवर घेतला, आणि तो अर्धवटपणा माझा होता. म्हणजे प्रेमाचा माणूस हाही दुभाषी नव्हे, हे मी आधी कबूल करतो.

मग तिथे अवतार चालला असता काय? हे अवतार चालतात कसे ते पाहू. हॅम्बुर्ग विद्यापीठात १९८० च्या दशकात एक लिपी तयार झाली. हाताचा आकार, तळव्याची दिशा, जागा आणि हालचाल तीत चिन्हांनी लिहिता येते. अशी चिन्हे वाचून पडद्यावरची बाहुली हात हलवू शकते. काही नव्या यंत्रणा माणसांच्या चित्रफितींवरून शिकतात. पण खुणांची भाषा निव्वळ हातांत नसते. ‘दुखते’ आणि ‘दुखते का?’ यांत हात तेच. भुवया उंचावतात, मान पुढे येते, म्हणून प्रश्न होतो. शिवाय मराठी वाक्याच्या शब्दामागे शब्द खूण ठेवली की सांकेतिक भाषा होत नाही. तिचे व्याकरण वेगळे आहे. ‘तू कुठे राहतोस?’ हे तिथे ‘तुझे घर कुठे’ असे होते.

मी दादाला मोबाइलवर असा एक अवतार दाखविला. त्याने दोनदा पाहिला, मग स्वतःच्या तोंडासमोर तळवा सपाट धरून खाली नेला. भिंत!

कोणी म्हणेल, दुभाषी मिळत नाहीत, तोवर बाहुली काय वाईट? २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख भरली; त्यांतले सगळेच खुणांनी बोलत नसतील, तरी दुभाषी पुरे पडत नाहीत हे खरेच. पण जागतिक कर्णबधिर महासंघाने २०१८ साली याच प्रश्नावर सावधगिरीचा इशारा दिला. रेल्वेस्थानक, हॉटेल अशा ठिकाणची आधी तयार केलेली ठरावीक माहिती अवताराने द्यावी. जिवंत संभाषणात माणसाची जागा त्याने घेऊ नये, असा त्याचा आशय. मला भीती आहे ती याचीच. बाहुली स्वस्त पडते, म्हणून माणूस नेमायचे टळेल. अर्धवटराव बोलतो तेव्हा मागे पाध्ये असतात, हे आपण विसरत नाही. अवताराच्या मागे कोण आहे, त्याची खूण कोणा कर्णबधिराने तपासली आहे काय, हे विचारलेच पाहिजे.

२०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या कोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेचा समावेश केला. कोश आहे, कायदा आहे. उणीव आहे ती शिकणाऱ्यांची.

२००३ च्या सिंहस्थात आपल्या शहरात चेंगराचेंगरी होऊन ३९ जण दगावले. २०२७ च्या सिंहस्थातही ध्वनिक्षेपक गर्जतील. ‘हा रस्ता बंद आहे’ हे अवताराने खुशाल सांगावे. पण हरवलेले कर्णबधिर पोर रडत उभे असेल, तेव्हा त्याच्यासमोर गुडघे टेकून ‘तुझे घर कुठे’ असे विचारणारा चेहरा माणसाचाच हवा. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने या भाषेचा वर्ग सुरू करावा, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. दादा शिकवायला तयार आहे. दुभाष्याचे काम मी करीन. आणि या वेळी एकही वाक्य गाळणार नाही.