पुराचं पाणी ओसरलं, पण गोठ्यातलं नुकसान अजून यायचंय

धाराशिव : सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत भूम, परंडा भागात जनावरं वाहून गेली, दावणीलाच दगावली. त्यांचे पंचनामे झाले. दुधाळ जनावरामागे ३७,५०० आणि ओढकामाच्या जनावरामागे ३२,००० रुपये असा मदतीचा दरही ठरलेला आहे. पण पुराचं एक नुकसान तीन-चार महिन्यांनी दिसतं, तेव्हा पंचनाम्याची मुदत केव्हाच संपलेली असते. हे नुकसान करतो यकृतातला चपटा कृमी, म्हणजेच लिव्हर फ्ल्यूक.

पानासारखा दिसणारा हा जंत अडीच ते सात सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याची अंडी शेणातून पाण्यात जातात आणि पुढच्या वाढीसाठी त्याला गोगलगाय लागते. २०२२ च्या खरिपात सोयाबीन फस्त करणारी शंखी गोगलगाय ती ही नव्हे. ही लहान, पातळ कवचाची, तळ्याच्या आणि कॅनॉलच्या कडेच्या संथ पाण्यात राहणारी. तिच्या अंगात एका अळीच्या शेकडो होतात, बाहेर पडतात आणि काठच्या गवताला चिकटतात. जनावरानं ते गवत खाल्लं की जंत पोटात.

पूर आला की अशी डबकी, पाणथळ जागा गावोगाव तयार होतात. पुढं उन्हाळ्यात सीना-कोळेगाव, निम्न तेरणा अशा धरणांचं पाणी मागं सरकतं आणि काठाला हिरवा पट्टा उघडा पडतो. बाकी शिवार करपलेलं असताना जनावरं तिथंच जाणार, त्यात पशुपालकाची चूक काय? आपल्यासारख्या दुष्काळी जिल्ह्यात हा रोग पाण्याच्या कमतरतेमुळंही वाढतो, ही गोष्ट सहसा कुणी बोलत नाही.

जंत आधी कित्येक आठवडे यकृत पोखरत फिरतो, मग पित्तनलिकेत बसून रक्त पितो. अंडी घालायला साधारण तीन-चार महिने लागतात. तोवर शेण तपासलं तरी काही सापडत नाही. नंतर जनावर खंगतं, केस राठ होतात, शेण पातळ पडतं, पापणी उलटून पाहिली तर पांढरीफटक. दूध आटतं, गाय वेळेवर माजावर येत नाही. भूम, वाशी भागात खव्याच्या भट्ट्यांवर अनेक घरं चालतात, तिथं दूध घटलं की थेट चुलीवर परिणाम.

जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबते, तेव्हा अनेकांना घटसर्प वाटतो. घटसर्पात ताप जोराचा असतो, सूज गरम व दुखरी असते आणि जनावर एक-दोन दिवसांत जातं. कृमीची सूज थंड, मऊ असते, ताप नसतो.

खरी गडबड औषधात आहे. ‘जंताचं औषध पाजलंय’ असं बहुतेक जण सांगतात. पण कोणतं? आयव्हरमेक्टिन या कृमीवर चालत नाही. अल्बेंडाझोल फक्त मोठ्या झालेल्या कृमीवर आणि तेही जास्त मात्रेत चालतं, शिवाय गाभण जनावराला सुरुवातीच्या काळात ते देत नाहीत. ऑक्सिक्लोझॅनाइडही मुख्यतः मोठ्या कृमीवरच. लहान कृमी मारतं ते ट्रायक्लाबेंडाझोल, पण त्याचा अंश दुधात उतरतो. म्हणजे दुभत्या गाईसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेडिकलमधून बाटली आणण्यात अर्थ नाही. पैसे जातात आणि जंत तसाच राहतो.

शेळ्या-मेंढ्यांचं तर आणखी अवघड. त्यांच्यात लक्षणं दिसायच्या आधीच जनावर पटकन मरतं. उस्मानाबादी शेळीवर ज्यांचं घर चालतं, त्यांनी धरणकाठची चराई टाळलेली बरी. काठचं गवत कापून कडक उन्हात पूर्ण वाळवून घातलं, पाणी हौदात पाजलं आणि शेण खड्ड्यात कुजवलं, तर निम्मं काम होतं. शेण तपासणीला पाठवताना ‘फ्ल्यूकसाठी बघा’ असं मुद्दाम सांगावं. या कृमीची अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यावर तरंगवून बघण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ती वर येत नाहीत. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.