माणसाहून भांडें महाग
ऑगस्ट २०२५ मध्यें विरार येथें अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसें प्राणांस मुकलीं. अशा प्राणांचें मोल भारतीय न्यायसंहितेच्या तराजूंत काय? कलम ३०५ प्रमाणें घरांतलें भांडें चोरणारास ७ वर्षांपर्यंत कैद, आणि गुन्हा अजामीनपात्र. कलम १०६ प्रमाणें निष्काळजीपणानें माणसाच्या मृत्यूस कारण होणारास फार तर ५ वर्षें, आणि जामीन हक्काचा! १८६० च्या दंडसंहितेंत तर दोनच वर्षें होतीं. सुधारणा झाली खरी, पण क्रम उलटाच राहिला.

कोणी म्हणतील, जाणीव सिद्ध झाल्यास सदोष मनुष्यवधाचें कलम १०५ आहेच. परंतु परवानगीवांचून मजल्यावर मजला चढविणाराची जाणीव फिर्यादी पक्षानेंच कां सिद्ध करावी? ती नव्हती, हें दाखविण्याचा भार त्याच्याच शिरावर हवा. भिंतीआडच्या भांड्याहून भिंतीखालचा माणूस स्वस्त ठरविणारें वर्गीकरण न्यायाचें नव्हे.