मढ्यावरचं कापड

परवा एका व्याख्यानमालेला गेलो होतो. विषय : जीवन आणि मृत्यू. वक्ते निवृत्त प्राध्यापक, आवाज मधाळ. म्हणाले, मृत्यू हाच एक खरा समतावादी. राव असो की रंक, मसणात सगळे सारखे. टाळ्या पडल्या. माझे हात मांडीवरच राहिले.

कारण मी माझ्या बापाला भर पावसात जाळलंय.

आमच्या गावात मसणवटे दोन. गावाच्या मसणवट्याला पत्र्याची शेड, सिमेंटचा ओटा, बसायला बाकडी. आमचा ओढ्याकाठी, उघडा. त्या दिवशी शेड रिकामी होती. विचारायला गेलो, तर ‘आजवर झालं नाही ते आत्ता कशाला’ एवढंच उत्तर. ओल्या लाकडांवर डिझेल ओतलं. सरण तीनदा विझलं. आई धुरात उभी होती. म्हणाली, ‘मागल्या जन्मीचं भोग रं, दुसरं काय.’

मित्रांनो, शेडपेक्षा हे वाक्य मला जास्त झोंबलं. घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि आईच्या तोंडात हे कुणी घातलं?

माणूस जुनं वस्त्र टाकून नवं नेसतो, तसा आत्मा शरीर बदलतो : गीतेतला हा दाखला प्राध्यापकांनीही दिला. दाखला देखणा आहे, नाही कशाला म्हणू! पण टाकलेलं वस्त्र जातं कुठं? ते सापडतं मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात. चांडाळानं मढ्यावरची वस्त्रं नेसावीत, फुटक्या भांड्यात खावं. एका पोथीत तत्त्वज्ञान, दुसरीत अंमलबजावणी. माझ्या आज्ज्यानं ते कापड नेसलंय. मयताचा सांगावा घेऊन परगावी पळायचं, सरणाची लाकडं वाहायची, मेलेलं ढोर ओढायचं. गावाच्या मरणाचं सगळं काम आमच्याकडं, आणि मरणावर बोलायचं काम त्यांच्याकडं. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली. काम गेलं का? माणसाला गटारात उतरवायला बंदी करणारा कायदा २०१३ चा. तरी माणसं उतरवली जातात, मरतात. मेलेल्याच्या घरच्यांना सुप्रीम कोर्टानं २०१४ साली दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ साली तीस लाख. आत्मा अमर असेल बाबा. फुप्फुसं नाहीत.

बाबासाहेबांनी या सगळ्याची उलटतपासणी करून ठेवलीय, आपणच नीट वाचत नाही. म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही कथा आपणही शिबिरात सांगतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेतच ते विचारतात : एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर मरण पाहिलंच नव्हतं, हे पटायचं कसं? मग ते आपल्याला नेतात रोहिणी नदीवर. शाक्य आणि कोलीय, दोघांचं पाण्यावरून भांडण. शाक्यांचा संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ एकटा विरोधात उभा राहतो, म्हणून घर सुटतं. बघा, प्रश्न कुठून कुठं आणला! प्रेतावरून पाण्यावर. ज्यानं २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यात ओंजळ घातली, तोच माणूस हे लिहू शकतो.

पुनर्जन्माचंही तसंच. आत्मा नाही. शरीरातली पृथ्वी, आप, तेज, वायू ही त्या त्या तत्त्वांत मिसळतात, पुन्हा घडतात. पण तोच माणूस परत येत नाही. आणि मागल्या जन्मीचं कर्म? गरिबाच्या हालाची जबाबदारी समाजावर आणि सरकारवर येऊ नये म्हणून काढलेली ती पळवाट, असं ते स्वच्छ म्हणतात. तरी आपल्यातलेच काही जण जातककथांच्या पुडीत बांधून तोच माल पुन्हा खपवतात. त्यांना मी विचारणार आहे, माझ्या आईला काय सांगू?

आईला मी सांगितलं, माझ्या परीनं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘म्हंजे तुजा बा आता मातीत, पान्यात?’

‘व्हय.’

‘म्हंजे त्याच वड्याच्या काठाला की.’

मला पुढं बोलता आलं नाही.

ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय : गावाला एकच मसणवटा, एकच शेड, सगळ्यांसाठी. पोच घेतलीय, जपून ठेवलीय. तुमच्या गावात मसणवटे किती, शेड कुणाला, मढं न्यायची वाट कुणाच्या रानातून जाते आणि ती अडवतं कोण, हे पुढच्या अंकाच्या आत लिहून कळवा. पोस्टकार्डावर मावेल एवढं पुरे.