विमानतळावर बॅग नाही, पासपोर्टवरची नोंद अडवते!

दुबई, मस्कत, दोहा... गावागावातून पोरं कामाला निघतात. मुंबईत सहारच्या टर्मिनल २ वर पोहोचेपर्यंत घरच्यांना काळजी असते ती बॅगेच्या वजनाची. पण बॅग जड झाली तर चार वस्तू काढता येतात, पॉवर बँक हातातल्या पिशवीत घेता येते. खरी अडचण पुढे, इमिग्रेशनच्या काउंटरवर येते.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' अशी नोंद असते. १९८३ च्या कायद्यानुसार अशा माणसाला सौदी, यूएई, कतार, ओमानसह ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागते. तिचा अर्ज ई-मायग्रेट पोर्टलवर होतो.

काही एजंट नेमकी हीच पायरी टाळतात. 'टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ,' म्हणतात. काउंटरवर संशय आला की माणूस माघारी. विमान जातं, कर्ज डोक्यावर राहतं. आणि पलीकडे पोहोचलाच, तर हातात ना करार, ना विमा. रीतसर गेलेल्याला २७५ रुपयांत दोन वर्षांसाठी १० लाखांचं अपघाती विमा संरक्षण मिळतं.

नियम जाचक वाटला तरी तो मजुराच्या बाजूचा आहे. गोची एवढीच, की तो गावात कुणी सांगत नाही, विमानतळावर गेल्यावर कळतो. म्हणून पैसे देण्याआधी दोन कामं करा: पासपोर्टवरची नोंद बघा आणि एजंटचा परवाना ई-मायग्रेटवर तपासा. परवानाधारक एजंटलाही ३० हजार रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावती मागायला लाजू नका.