वेगाला वेस हवी

मोटारवेड्या माणसाला घरात फारसा मान नसतो. रविवारी सकाळी बादली आणि फडके घेऊन तो खाली उतरला, की ‘आता हे जेवायलाच वर येणार’ असे घरच्यांनी गृहीत धरलेले असते. मी त्याच जातकुळीतला. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून तिचे नाव सांगायचा छंद शाळेत असताना जडला, तो अजून सुटलेला नाही. त्यामुळे नात्यागोत्यात कुणाला गाडी घ्यायची झाली, की तो एकदा तरी माझ्याकडे येऊन जातो. सल्ला माझा घेतो आणि गाडी स्वतःच्या मनाची!

मागे असाच भाचा आला. पहिलीच गाडी, त्यामुळे उत्साह दांडगा. ॲव्हरेज किती देईल, पडदा किती इंचाचा आहे, छत उघडते का, पाच वर्षांनी विकली तर किती येतील, असे दहा-बारा प्रश्न त्याने एका दमात विचारले. ब्रेकविषयी एक नाही, एअरबॅगविषयी एक नाही. अपघाताच्या चाचणीत गाडीला किती तारे मिळाले, हे मीच त्याला विचारले. तो हसला. म्हणाला, ‘मामा, मला काय शर्यतीत उतरायचंय?’

त्याचे हे वाक्य काही डोक्यातून जाईना. सुरक्षितता शर्यतवाल्यांना; आपल्याला ॲव्हरेज. आपल्या साऱ्या मोटारसंसाराचे सार त्यात आले होते.

दोष एकट्या भाच्याचा नाही. आपण टंचाईत वाढलेली माणसे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, ही मुंबईकरांची गाडी. मोठ्या कुटुंबासाठी आणि सरकारी साहेबांसाठी अँबेसेडर. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. आमच्या वडिलांची पद्मिनी तर जुनी, दुसऱ्याने वापरलेली. पुढची सीट सलग बाकासारखी, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी आणि आई-बाबांच्या मध्ये मी उभा! काचेला नाक लावून खंडाळ्याचा घाट पाहिल्याची आठवण आजही सुखावते. पण बाबांना त्या वेळी करकचून ब्रेक मारावा लागला असता तर, हा विचार मात्र मी स्वतः बाप झाल्यावर मनात आला.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाला गाडी आवाक्यातली वाटू लागली. १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली. पुण्यात बनलेली गाडी म्हणून आपल्यालाच मूठभर मांस चढले. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीला ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप दिला तेव्हा अनेकांचे डोळे ओलावले, माझेही. पण भाबडेपणा बाजूला ठेवून सांगायचे, तर टंचाईने ग्राहकाला एक वाईट सवय लावली. मिळते आहे ना, मग खोड कशाला काढायची? आता देशात वर्षाला चाळीस लाखांहून अधिक मोटारी खपतात. टंचाई गेली, सवय राहिली.

त्या सवयीचा हिशेब २०१४ साली जगासमोर मांडला गेला. ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच खपाऊ छोट्या गाड्या घेतल्या आणि एअरबॅग नसलेले त्यांचे साधे प्रकार ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिले. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे! कायदा कुणी मोडला नव्हता. कायद्याने तेवढे मागितलेच नव्हते आणि आपणही नाही. पुढे ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आदळचाचणी सक्तीची झाली आणि २०१८ च्या डिसेंबरात टाटांच्या नेक्सॉनने पाच तारे मिळवले. ही गाडी आपल्या रांजणगावात बनते. म्हणजे आपल्या इंजिनिअरांना कळत नव्हते, असे नाही. त्यांच्याकडे कुणी मागत नव्हते. आता १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणीही सुरू झाली आहे. तारे दाखवलेले असतात. ते पाहायचे की पडद्याचे इंच मोजायचे, हे गिऱ्हाइकाने ठरवायचे.

आता भाच्याच्या शर्यतीकडे वळू. मोटारशर्यत म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. पैसा लागतो हे खरेच. पण पहिल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत १९११ साली रे हॅरूनने मागचे पाहायला गाडीवर आरसा लावला होता आणि शर्यत जिंकली होती. डिस्क ब्रेकची ताकद जगाला पटली ती १९५३ च्या ल माँ शर्यतीत, जॅग्वारच्या विजयाने. सगळेच शर्यतीतून आले असा माझा दावा नाही. आपण वापरतो तो तीन टोकांचा पट्टा १९५९ साली व्होल्वोच्या नील्स बोलिनने साध्या प्रवासी गाडीसाठी काढला. पण शर्यतवाल्यांची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे.

१९९४ साली इमोलाच्या ट्रॅकवर ३० एप्रिलला रोलांड रात्झेनबर्गर आणि दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, आयर्टन सेना मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्या खेळाने गाड्यांचे नियम बदलले, वळणे बदलली, चालकाभोवतीचे संरक्षण वाढवले. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ नावाचे धातूचे कडे आले. ते विद्रूप दिसते म्हणून नाके मुरडणाऱ्यांत मीही होतो. २०२० साली बहारीनमध्ये रोमँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून पेटली आणि त्या आगीतून तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला, तेव्हा मी माझे शब्द मुकाट्याने मागे घेतले. तिथे माणूस दगावला की ‘चूक कुठे झाली?’ असे विचारतात. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, म्हणजे रोजची साडेचारशेहून अधिक, आणि आपण म्हणतो, ‘त्याची वेळच भरली होती.’

वेगाची ओढ तरुण रक्तात असायचीच. तिला जागा नाही दिली, तर ती रात्री दोन वाजता उड्डाणपुलावर जागा शोधते. आपण ग्रेटर नोएडात ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध ट्रॅक उभारला. २०११ ते २०१३ अशा तीन वर्षांत तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. मग हा खेळ की करमणूक, कर किती, या वादात ते वारे निघून गेले. मला त्याची फारशी हळहळ नाही. नारायण कार्तिकेयन २००५ साली भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक झाला, तो अशा भव्य ट्रॅकमुळे नव्हे. त्याच्या आधीची पिढी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर गाड्या पळवत होती. त्या मातीतून हा खेळ वाढला. आपल्या कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे. तसे छोटे, कुंपण घातलेले, शिकवणारा माणूस असलेले ट्रॅक जिल्ह्याजिल्ह्यांत का नसावेत?

ट्रॅकवर गेलेला पोरगा रस्त्यावर साधू होईल, अशी हमी मी देत नाही. पण वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि वळणावर कार्ट गर्रकन फिरून टायरच्या भिंतीवर आपटल्यावर कळणे वेगळे. शिवाय तिथे हेल्मेटचा बंद नीट लागल्याशिवाय गाडी सुरूच करू देत नाहीत. ही सवय एकदा अंगी लागली, तर थोडीफार तरी रस्त्यावर येतेच.

भाच्याने शेवटी गाडी घेतली. उघडणाऱ्या छताची गाडी त्याने सोडली, तेवढ्याच पैशात सहा एअरबॅगा आणि पाच ताऱ्यांची घेतली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पेढे घेऊन तो सहकुटुंब आला. बॉनेटवर झेंडूचा हार, नवी कोरी सीट कव्हरे. फेरी मारायला निघालो. मी मागे, शेजारी त्याची सहा वर्षांची लेक. पट्टा ओढला, तर कडी सापडेना. तिन्ही कड्या दुकानदाराने त्या देखण्या कव्हरांखाली गाडून टाकल्या होत्या. ‘मामा, मागे कोण लावतं?’ भाचा पुढून म्हणाला.

मी त्याला सप्टेंबर २०२२ मधला पालघरचा अपघात आठवून दिला. उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर होते. गाडी भारीतली भारी होती, पट्टा मात्र लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. भाचा काही बोलला नाही. त्याने गाडी बाजूला घेतली, मागचे दार उघडले आणि खिशातल्या किल्लीने कव्हराची शिवण उसवू लागला. कव्हरे नवी होती, महागही असावीत. पोर मात्र आनंदाने टाळ्या वाजवत होती. तिला वाटले, काहीतरी खेळ चालला आहे.