पुढच्या चाकांना लॉक टाकण्याआधी



पाऊस तोंडावर आला की आमच्याकडं एकच प्रश्न येतो. "पुढच्या डिफरन्शियलला लॉकर टाकून घेऊ का?" यंदा तिघांनी विचारलं. तिघांच्याही गाड्या फोर बाय फोर, दोन जुन्या जीपा आणि एक कॅम्पर. काम सगळ्यांचं सारखंच. पहाटे दुधाचे कॅन खाली न्यायचे, येताना पेंड आणि युरिया वर आणायचा. वाट लाल मातीची, मधे ओढा, शेवटी खडा चढ.

माझं उत्तर सरळ आहे. पुढचं डिफरन्शियल आहे तसं साधंच राहू द्या. पैसे आधी टायरला, मग मागच्या लॉकला. कारण सांगतो.

साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात असलं की त्याला जेवढा जोर पेलतो, तेवढाच घट्ट जमिनीवरच्या चाकाला मिळतो. म्हणून चिखलातलं गरगर फिरतं आणि दुसरं गप्प बसतं. लॉक लागला की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. हे आपल्याला नवीन नाही, ट्रॅक्टरवर टाचेखाली तेच पेडल असतं. पण लॉक दाबून वळायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात ना? आणि तो लॉक असतो मागच्या चाकांना. आता ज्या चाकांनी वळायचं, त्यांनाच लॉक टाकला तर काय होईल?

काय होतं ते मी पाहिलंय. मागच्या श्रावणात माझ्या मेहुण्याची जीप बांधाकडेच्या वळणावर होती. वाट एका अंगाला कललेली, पुढचा लॉक लागलेला. त्यानं स्टिअरिंग वळवलं, पण गाडी वळेचना. दोन्ही पुढची चाकं एकदम घसरली आणि नाक उताराकडं निघालं. साधं डिफरन्शियल असतं तर एक चाक फिरलं असतं, दुसऱ्यानं जमीन धरून ठेवली असती. बांधावरच्या करंजानं गाडी अडवली म्हणून बरं. मागं कॅन होते आणि कॅनजवळ पोरगा बसला होता. गाडी मागं काढताना चाक पूर्ण वळलेलं होतं, रेस दाबली आणि पुढच्या अ‍ॅक्सलचा जॉइंट तुटला. चाक जेवढं जास्त वळलेलं, तेवढा तो जॉइंट कमजोर. लॉक असेल तर सगळा जोर त्या एकाच जॉइंटवर येऊ शकतो.

दुसरं कारण वजनाचं. भरलेली गाडी चढाला लागली की भार मागच्या चाकांवर जातो, पुढची हलकी होतात. ज्या चाकांवर भारच नाही ती लॉक करून कितीसं ओढणार? तिथं मागचा लॉकच काम करतो. रिकाम्या पिकअपचं मात्र उलटं असतं. इंजिन पुढं, मागं काही नाही, त्यामुळं मागची चाकं फिरत बसतात. त्याला उपाय हौद्यात वाळूच्या दोन-तीन गोण्या, घट्ट बांधून.

कंपन्यांकडं बघा. गुरखाला पुढं-मागं दोन्ही लॉक मिळतात, पण चालवणाऱ्यानं स्वतः लावायचे आणि स्वतः काढायचे. थारला लॉक मिळतो तो मागं. जिम्नीला तर लॉकच नाही, गरगरणाऱ्या चाकाला गाडी आपोआप ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या चाकाकडं जातो.

हीच युक्ती साध्या डिफरन्शियलवर आपणही करू शकतो. लो गिअरमध्ये रेस हलकी धरायची आणि डाव्या पायानं ब्रेक किंचित दाबायचा. आधी सपाट रानात सराव करा. सारखं करू नका, ब्रेक तापतात.

ज्याला ओढ्यातल्या दगडगोट्यांतून रोज जावं लागतं, जिथं पुढचं एक चाक अधांतरी राहतं, त्यानं पुढं लॉकर जरूर घ्यावा. पण बटणानं लागणारा आणि निघणाराच. सरळ असताना लावायचा, वळणाआधी काढायचा. आपोआप लागणारा स्वस्त पडतो, पण तो कधी लागेल हे चिखलात तुमच्या हातात राहत नाही. क्लच प्लेटांचा लिमिटेड स्लिप स्टिअरिंगला सौम्य असतो, पण चाक अधांतरी असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. शिवाय प्लेटा झिजतात आणि ऑइलही वेगळं लागतं.

आणखी दोन गोष्टी, ज्या मिस्त्री विसरतो.

पहिली, पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. पिनियनला 9 दात आणि क्राउनला 41 असतील तर रेशो 4.56. जुन्या बाजारातून पुढचं हाऊसिंग आणलं तर दात मोजूनच बसवा. रेशो वेगळा पडला तर फोर बाय फोर लावताच पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि शेवटी ट्रान्सफर केस जाते. चारही टायर एकाच मापाचे हवेत, तेही याचसाठी.

दुसरी, ब्रीदर. तापलेलं हाऊसिंग ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ते पाणी ओढून घेतं. ब्रीदरला नळी लावून ती वर बॉनेटखाली न्या. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं की पाणी शिरलंय, लगेच बदला.

तेव्हा मंडळी, आधी चिखलाचे चांगले टायर, मग मागचा लॉक, मग ब्रीदर. पैसे उरले आणि वाट तशीच असली तर पुढचा लॉक. मेहुण्यानं आता लॉकर काढून ठेवलाय आणि त्या वळणावर मुरूम टाकलाय. खरं तर सगळ्यात स्वस्त काम तेच होतं.